मटेरियलचा रकाना आधी भरावा

कोणत्याही ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली जी चौकट असते, तिच्यात भागाचे नाव, क्रमांक, प्रमाण आणि तारीख यांच्या जोडीला मटेरियलचाही एक रकाना असतो. उत्पादनांच्या डिझाइनचे काम करताना मी हा रकाना बहुतेक वेळा सर्वांत शेवटी भरला जाताना पाहत आले आहे. आधी आकार ठरतो, मग रंग ठरतो, ग्राहकाला पडद्यावर वस्तू गोल फिरवून दाखवली जाते, सगळ्यांच्या माना डोलतात, आणि त्यानंतर कुणीतरी विचारते की हे करायचे कशात? ‘सध्या एबीएस टाका, पुढे बघू’ (एबीएस म्हणजे सर्रास वापरले जाणारे एक कडक प्लॅस्टिक) हे उत्तर मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की आता ते कोण देणार, याचाही अंदाज येतो. अडचण अशी, की तोवर भिंतीची जाडी, कोपऱ्यांचे गोलावे, जोडण्याची पद्धत आणि साच्याचा प्रकार हे सगळे मनात पक्के झालेले असते. म्हणजे मटेरियलची निवड नकळत होऊन गेलेली असते, फक्त ती कुणी जाणीवपूर्वक केलेली नसते.

हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून एकच वस्तू समोर घेते. पाठीवर अडकवायचा, बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा फवारणी पंप, ज्याला गावोगावी ‘चार्जिंगचा पंप’ म्हणतात. टाकी, झाकण, पट्टे, बॅटरी, एक छोटा डायाफ्राम पंप, रबरी नळी, गन (हातातली मूठ), लान्स (तिच्यापुढची लांब नळी) आणि नोझल (टोकाचे भोक). यापलीकडे त्यात फारसे काही नसते. तरीही मटेरियलच्या दृष्टीने इतकी कठीण घरगुती वस्तू मला दुसरी माहीत नाही. डाळिंब किंवा भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याच्या याच एका पंपातून हंगामभर बोर्डो मिश्रण, गंधक, कीटकनाशके, तणनाशके आणि विद्राव्य खते पाळीपाळीने जातात, मधल्या वेळात तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात उभा असतो, आणि प्रत्येक फवारणीनंतर तो स्वच्छ पाण्याने विसळला जाईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचेच पाहा. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचे सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात, आणि ही भांडी प्लॅस्टिकची, लाकडाची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत, असे शेतकऱ्यांना आवर्जून सांगितले जाते. मिश्रण जमले की नाही हे पाहण्याची बागायतदारांची रीत तर फार बोलकी आहे. लखलखीत घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवतात. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुना कमी पडला आहे, असे समजतात आणि चुन्याची निवळी वाढवतात. त्या विळ्यावर जे घडते तेच पंपातल्या प्रत्येक लोखंडी स्प्रिंगवर आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या प्रत्येक स्क्रूवर घडणार असते. लोखंड किंवा जस्त द्रावणात उतरते आणि त्याच्या जागी तांबे बसते. मोरचुदाच्या सान्निध्यात येणारी स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची असावी, हा निर्णय मग किमतीच्या तक्त्यावर घासाघीस करण्याचा उरत नाही. तो विळ्यानेच देऊन टाकलेला असतो.

फ्रान्समध्ये प्येर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण द्राक्षावरील केवडा रोगासाठी प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर तिथे व्हेर्मोरेल यांच्यासारख्या कारखानदारांनी पाठीवरचे जे पंप काढले, त्यांच्या टाक्या तांब्याच्या होत्या. तांब्याच्या औषधाला तांब्याची टाकी चालते, यात रसायनशास्त्राची अडचण काहीच नव्हती. आपल्याकडेही पितळी पंपांचा जमाना मोठा होता आणि अनेक घरांच्या माळ्यावर तो पंप अजून पडलेला सापडेल.

पितळेविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती मला या विषयातली सर्वांत शिकवणारी वाटते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात आणि काही काळाने त्यांना उभ्या चिरा पडलेल्या आढळत. कारण घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि काडतूस ओढून काढताना पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की चीर पडते. त्यांतला एक काढून घेतला की पडत नाही. याचे नीट स्पष्टीकरण १९२१ साली झाले, आणि ओढलेले पितळ हलके तापवून त्यातला ताण घालवणे हा त्यावरचा उपाय आजही तोच आहे. आता फवारणी पंपाची पितळी लान्स घ्या. तीही ओढून काढलेली नळीच असते. शेतकरी त्याच पंपातून १२:६१:०० सारखे अमोनियमयुक्त विद्राव्य खत पानांवर मारतो, आणि आदल्या फवारणीचा चुना नळीत उरलेला असेल तर चुना आणि अमोनियम एकत्र येऊन अमोनिया मोकळा होतो. पाग नाही, घोडे नाहीत, पण तिन्ही कारणे जागेवर हजर. पितळ वाईट आहे असे मी म्हणत नाही. लान्स पितळेची ठेवायची असेल तर ताण घालवण्याची प्रक्रिया ड्रॉइंगवर लिहावी लागेल, आणि ती लिहायची तर तिचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

टाकीकडे वळू. पितळाची घनता घन सेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, तर एचडीपीई प्लॅस्टिकची ०.९५, एवढा फरक पाहिला की माणूस लगेच प्लॅस्टिककडे धावतो. पण पितळ एचडीपीईच्या सुमारे शंभरपट ताठर असते. सपाट भिंत वाकण्याला किती विरोध करते हे जाडीच्या घनावर अवलंबून असल्यामुळे, तेवढाच ताठरपणा आणायला प्लॅस्टिकची भिंत शंभरपट नव्हे, तर शंभराच्या घनमुळाइतकी, म्हणजे सुमारे ४.६ पट जाड करावी लागते. पितळी पत्रा ०.७ मिमीचा असेल तर प्लॅस्टिक सव्वातीन मिमीच्या आसपास जाते, आणि इतके करूनही भिंतीचे वजन पितळाच्या निम्म्यावरच राहते. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तो आधी केला तर आतल्या भागांसाठी सोडलेली जागा, बॅटरीचा कप्पा आणि पाठीचा वळसा हे सगळे सव्वातीन मिमी धरून काढले जाते. नंतर केला तर प्रत्येक भिंत आत किंवा बाहेर सरकवत बसावे लागते आणि बॅटरी नेमकी दोन मिमीने अडते.

ताठरपणाचा हिशेबही पूर्ण नाही, कारण प्लॅस्टिक सततच्या ओझ्याखाली हळूहळू ओढले जाते आणि उन्हात तापले की आणखी मऊ पडते. पट्टे जिथे अडकतात तिथे भरलेल्या पंपाचे वीस-बावीस किलो वजन चालण्याच्या प्रत्येक पावलागणिक हिसका देते. ती कडी भिंतीतच घडवायची की वेगळी धातूची घालायची, हा प्रश्न आकाराचा दिसतो, पण असतो मटेरियलचा.

मग ऊन. एचडीपीईला सूर्यप्रकाशापासून वाचवण्याचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे कार्बन ब्लॅक, ही काजळीसारखी काळी पूड. पाण्याचे काळे पाइप शेतात वर्षानुवर्षे टिकतात ते त्यामुळे. पण फवारणी करणाऱ्याला टाकीत किती औषध उरले हे बाहेरून दिसायला हवे, त्यामुळे टाकी अर्धपारदर्शक हवी, आणि अर्धपारदर्शक टाकीत कार्बन ब्लॅक घालता येत नाही. तेव्हा महागडे यूव्ही स्टॅबिलायझर घालणे, किंवा टाकी काळी ठेवून पातळी दाखवायला बाजूला पारदर्शक नळी देणे, असे दोनच रस्ते उरतात, आणि दुसऱ्या रस्त्याने गेले की गळण्याच्या दोन नव्या जागा तयार होतात. हा निर्णय रंगाच्या बैठकीत कुणी ‘पांढरा स्वच्छ दिसतो’ म्हणून घेऊ नये.

थंडीही विसरून चालत नाही. महाराष्ट्र उष्ण प्रदेश म्हणून आपण उन्हाचाच विचार करतो. पण निफाड परिसरात हिवाळ्यात पारा ५ अंशांखाली जाणे नवलाचे नाही, आणि कांद्यावरची फवारणी सकाळी लवकरच उरकली जाते. एचडीपीईला त्या थंडीचे काही वाटत नाही, परंतु स्वस्त पडते म्हणून कुणी साधे होमोपॉलिमर, म्हणजे एकाच घटकाचे, पॉलिप्रॉपिलिन (पीपी) घातले, तर शून्याच्या आसपास ते ठिसूळ होऊ लागते आणि बांधावर आपटलेला भाग तडकतो. त्याचे कोपॉलिमर, म्हणजे दुसरा घटक जोडून बनवलेला प्रकार, घेतले तर ही अडचण बरीच टळते. म्हणून नुसते ‘पीपी’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे.

इथे टूलरूमचा, म्हणजे साचे घडवणाऱ्या कारखान्याचा, विषय येतो. भोसरीतले एक जुने साचेकार, ज्यांच्याकडून मी या धंद्यातले अर्धेअधिक शहाणपण उचलले, ड्रॉइंग हातात घेतल्यावर आकाराकडे बघतच नाहीत. ‘दाणा कोणता, तो ग्रेडसकट सांगा, मग स्टीलला हात लावतो,’ एवढेच म्हणतात. दाणा म्हणजे प्लॅस्टिकचा कच्चा माल. कारण वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते आणि प्रत्येकाचे आकसणे वेगळे असते. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसते, पॉलिप्रॉपिलिन एक ते अडीच टक्क्यांपर्यंत, आणि अ‍ॅसिटल दोनच्या आसपास. टाकीच्या झाकणाचा व्यास १२० मिमी धरला, तर एबीएससाठी साचा ०.६ मिमी मोठा कापावा लागतो, आणि दीड टक्का धरलेल्या पॉलिप्रॉपिलिनसाठी १.८ मिमी. म्हणजे एबीएससाठी कापलेल्या साच्यात पुढे पॉलिप्रॉपिलिन ओतले तर झाकण सव्वा मिमीच्या आसपास लहान निघेल, आटे टाकीच्या तोंडावर बसणार नाहीत, आणि साचा कापून झालेला असेल. साच्याचे स्टील कमी करता येते, पण आतले आटे मोठे करायला ते वाढवावे लागते, म्हणजे वेल्डिंग करून पुन्हा घासायचे, आणि ते साचेकाराला कुणी सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी इथे लिहिणार नाही.

झाकणाबद्दल आणखी थोडे, कारण या पंपात मला सर्वांत अवघड तेच वाटते. कागदावर झाकणाचा संबंध फक्त पाण्यात मिसळलेल्या, म्हणजे लिटरला एक-दोन मिलि या प्रमाणातल्या औषधाशी येतो. प्रत्यक्ष शेतात माणसे हाताशी जे असेल त्याने औषध मोजतात, आणि पंपासोबत मापाचा कप दिला नसेल तर आतले छोटे झाकण किंवा बॅटरीच्या कप्प्याचे टोपणही माप होते. मग त्याला लागते ते बाटलीतले सणसणीत, न मिसळलेले औषध. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या अनेक कीटकनाशकांत झायलीनसारखे अ‍ॅरोमॅटिक द्रावक असतात. पॉलिस्टायरिन अशा द्रावकात सरळ विरघळते, एबीएस मऊ पडते, पॉलिकार्बोनेटला बारीक भेगांचे जाळे पडते. काचेसारखा पारदर्शक, सुंदर आकड्यांचा मापाचा कप दुकानात छान दिसतो; पण पॉलिप्रॉपिलिनचा दुधी कप द्यावा आणि आकडे उठावदार घडवावेत, हे माझे ठाम मत आहे. हीच द्रावके एचडीपीईतही थोडी मुरतात, आणि म्हणूनच अशा औषधांच्या बाटल्या साध्या एचडीपीईच्या न करता आतून थर दिलेल्या किंवा खास प्रक्रिया केलेल्या असतात. टाकीतल्या पातळ द्रावणात मात्र तो धोका फारसा उरत नाही.

रबराचे भाग किमतीत नगण्य असतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि गळती तिथूनच होते. नायट्राइल रबर तेलाला चांगले, पण ऊन आणि ओझोन लागला की त्याला चिरा पडतात. ईपीडीएम उन्हापावसात टिकते, बोर्डोसारख्या पाण्यातल्या मिश्रणांना भीक घालत नाही, परंतु खनिज तेल आणि अ‍ॅरोमॅटिक द्रावक लागले की फुगते. फ्लोरोरबर द्रावकांना बरेच पुरून उरते, मात्र ते महाग असते आणि केटोन गटातल्या द्रावकांपुढे तेही हात टेकते. सगळ्याला पुरणारे रबर नाही, हे आधी कळले तर डिझाइन बदलता येते. झाकणाची रिंग उन्हात राहणार आणि तिला पातळ द्रावण लागणार, तिथे ईपीडीएम ठेवता येते. गनच्या आतल्या वायशरला ऊन लागत नाही, पण औषध साचून राहते, तिथे फ्लोरोरबराचा खर्च सोसता येतो, कारण तो भाग नखाएवढा असतो. मात्र हे करायचे तर दोन्ही रिंगा मुद्दाम वेगळ्या मापाच्या काढाव्या लागतात, म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस चुकून एकीच्या जागी दुसरी बसवू शकणार नाही.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. रबराच्या पट्टीतून सारख्या चकत्या कापाव्यात, दागिन्यांच्या बारीक काट्यावर तोलाव्यात, काचेच्या झाकणबंद बरण्यांत वेगवेगळ्या औषधांत बुडवून आठवडाभर ठेवाव्यात आणि पुसून पुन्हा तोलाव्यात. औषधे विषारी असल्याने हातमोजे, मोकळी हवा आणि बरण्यांवर ठळक चिठ्ठ्या एवढी काळजी मात्र हवीच. अ‍ॅरोमॅटिक द्रावकातून काढलेली ईपीडीएमची रिंग ज्या खाचेत आधी अलगद बसत होती तिथे पुन्हा बसता बसत नाही. एका बाजूने दाबली की दुसरीकडून वर येते. खाचेत साधारणपणे पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवलेली असते, तीही पुरत नाही. हे एकदा हाताने अनुभवले की खाचेचे माप आणि रबराचा प्रकार एकाच बैठकीत का ठरवायचा, हे समजावून सांगावे लागत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे औषधांची निवड, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे मांडली गेली, आणि ती एका वायशरवर आणून ठेवणे चूक होईल. तरी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळणाऱ्या औषधाचा प्रश्न आमच्या टेबलावरचा आहे, तो दुसऱ्या कुणाचा नाही.

नोझलचे थोडक्यात सांगते. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीचे बारीक कण भोक घासत राहतात. पितळ लवकर झिजते, स्टेनलेस त्यापेक्षा टिकते, सिरॅमिक सर्वांत जास्त. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त प्रवाह येऊ लागला की ते बदलावे असा संकेत आहे, पण भोक मोठे झालेले डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बदलते कोण? सिरॅमिक टोक घालायचे तर ते आघाताला ठिसूळ, म्हणून भोवती अ‍ॅसिटलचे कवच हवे, आणि कवच आले की त्यावर आंतरराष्ट्रीय रंगसंकेतही आपोआप बसतो: पिवळे म्हणजे ३ बार दाबाला मिनिटाला सुमारे ०.८ लिटर, निळे म्हणजे १.२ लिटर.

आता या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप. मटेरियल फार लवकर पक्के केले तर कल्पनेला वाव उरत नाही, असे तरुण डिझायनर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मी एकच नाव न लिहिता प्रत्येक भागासाठी दोन उमेदवार ठेवते आणि दोघांसाठी वेगवेगळी रेखाटने करते, कारण ब्लो मोल्डिंगने, म्हणजे साच्यात फुगवून, केलेली टाकी आणि इंजेक्शनच्या, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून काढलेल्या, दोन अर्धुकांनी जोडलेली टाकी या एकाच चित्रात मावत नाहीत. रेखाटनाआधी एक तक्ता मात्र असतो: प्रत्येक भागाच्या संपर्कात काय येते, किती वेळ येते, किती ऊन, किती ओझे, आणि कोण कसा वापरतो. तो तक्ता भरताना कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर घालवलेला वेळ कार्यालयातल्या बैठकांपेक्षा उपयोगी पडतो, कारण कोणते औषध किती खपते आणि कोणता सुटा भाग सर्वांत जास्त मागितला जातो, हे तिथे लगेच कळते.

खरेदी विभागाचा दबाव वेगळ्या प्रकारचा असतो. उत्पादन सुरू झाले की ‘समतुल्य’ ग्रेड, मग भंगारातून दळलेल्या दाण्याची भेसळ, असे हळूहळू घडते. दळलेला दाणा सरसकट वाईट नसतो. बॅटरीच्या कप्प्याच्या आतल्या आधाराला तो चालू शकतो. पट्ट्याच्या कडीला चालत नाही. कुठे चालतो आणि कुठे नाही हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसेल तर ठरवणारा माणूस मशिनवरचा असतो, आणि त्याच्याकडे वरचा तक्ता नसतो.

एवढे सगळे मांडून झाल्यावर टाकीचा आकार काढायला बसले, तर बऱ्याच रेषा आधीच आखलेल्या सापडतात. ब्लो मोल्डिंगमध्ये प्लॅस्टिकची तप्त नळी फुगून साच्याला चिकटते आणि लांबच्या कोपऱ्यात ओढली जाऊन तिथे पातळ होते, म्हणून तळाचे कोपरे मोठ्या गोलाव्याचे. सपाट भिंत फुगू नये म्हणून पाठीकडे उभ्या खाचा. कडीच्या जागी भिंत जाड. तोंड एवढे रुंद की हात आत घालून गाळणी पुसता येईल. आणि झाकणाच्या वरच्या बाजूला वाटीसारखा खळगा अजिबात नाही, कारण खळगा दिला की त्यात औषध मोजले जाणारच.